एकरी अठरा क्विंटल – कुणाचे?

मे २०२४ मधली गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या महिला गटाची बैठक होती. विषय ठरलेला होता. माहेरी परत आलेल्या एका मुलीच्या पोटगीच्या दाव्याची तारीख जवळ आली होती, तिच्याबरोबर कोर्टात कुणी जायचं ते ठरवायचं होतं. ते ठरलं. चहा झाला. बाया उठायला लागल्या तेव्हा मागून एकीनं विचारलं, "ताई, औंदा सातशेसव्वीस पेरावं का आपलं एकाहत्तरच बरं?"

मला काही कळेना. माझ्याबरोबरची कार्यकर्ती हसून म्हणाली, "मावशी, ते कृषी सहायकाला विचारा. आमचं काम वेगळं आहे." मावशी गप्प बसल्या. पण दारात चपला घालता घालता त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "कृषीवाले घरी येतात तवा मालकाशी बोलतात. आमी चहा करतो."

मी एम.एस.डब्ल्यू. केलंय. समुपदेशन शिकले, कायदे शिकले, गटबांधणी शिकले. शेती कुणी शिकवली नाही. शहरात वाढलेली, शिक्षकाची मुलगी. सोयाबीनचं झाड पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. गेली आठ वर्षं ज्या बायांच्या मारहाणीच्या, सोडचिठ्ठीच्या, वारसा हक्काच्या केसेस मी चालवते, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणी जून ते ऑक्टोबर सोयाबीनच्या रानात असतात. त्यांच्या आयुष्यातले निम्मे तंटे त्या रानातल्या पैशाचे असतात. तरी इतक्या वर्षांत मी एकदाही "तुमच्या रानात कोणतं वाण आहे?" असं विचारलं नव्हतं. याची मला लाज वाटली. म्हणून हा लेख.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी तालुक्याच्या गावी एक पीक परिसंवाद झाला. विषय होता 'एकरी अठरा क्विंटल सोयाबीन'. मी मुद्दाम गेले. मंडपात दोन-अडीचशे पुरुष. बाया मोजून अकरा, त्यातल्या चार पाहुण्यांना ओवाळायला आलेल्या आणि तीन नाश्त्याच्या टेबलापाशी. ज्यानं अठरा क्विंटल काढले त्या शेतकऱ्याचा फेटा बांधून सत्कार झाला. त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिला नारळ आणि ब्लाऊजपीस मिळालं. वक्ते जाणकार होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी सांगितलेलं बरंचसं मी वहीत उतरवून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्या बाईंपाशी जाऊन बसले. "बी कुणी काढलं होतं?" विचारलं. त्या म्हणाल्या, "मीच की. वरच्या पट्टीतली चांगली झाडं आधी निशाणी करून ठेवली. मशीनमधी न्हाई घातलं, काठीनं बडवून काढलं. मशीननं बी फुटतंय." व्यासपीठावरच्या तासाभराच्या भाषणात हे वाक्य नव्हतं.

आता सोयाबीनचं उत्पन्न वाढतं कशानं ते बघू. मैत्रिणींनो, कंटाळू नका, हे आपल्याच कामाचं आहे.

देशाची सरासरी बघितली तर हेक्टरी एक टनाच्या आसपास घुटमळते, म्हणजे एकरी चार क्विंटल. अमेरिकेची सरासरी एकरी साडेतेरा क्विंटलच्या जवळपास. तिथल्या जॉर्जिया राज्यातल्या ॲलेक्स हॅरेल या शेतकऱ्यानं २०२३ साली एकरी २०६ बुशेलच्या वर, म्हणजे जवळजवळ छप्पन्न क्विंटल काढून जागतिक विक्रम केला आणि २०२४ साली तो स्वतःच मोडला. हे आकडे सभांमधून फार फेकले जातात. पण तिथे पाणी हाताशी असतं, पिकाला दिवस जास्त मिळतात. आपलं सोयाबीन पावसाच्या भरवशावर नव्वद ते एकशे पाच दिवसांत आटोपतं. छप्पन्नची बात आपल्याला उपयोगाची नाही. सांगली-कोल्हापूरकडे गादीवाफा, टोकण आणि पाण्याची सोय यांच्या जोरावर शेतकरी पंधराच्या पुढे जातात, ते मात्र खरं आहे. आमच्याकडे कोरडवाहूत आठ-दहा पडले तरी घर सावरतं. चार आणि नऊ यांच्यातला फरक म्हणजे मुलीचं कॉलेज सुटणं किंवा चालू राहणं, एवढं मी केसेसमधून शिकले आहे.

गणित साधं आहे. गटात आम्ही ते फळ्यावर मांडलं. एकरी तीस किलो बी. शंभर दाण्यांचं वजन बारा ग्रॅम धरलं तर तीस किलोत अडीच लाख दाणे. शंभरातले सत्तर उगवले तर एकरात पावणेदोन लाख झाडं. झाडाला तीस शेंगा, शेंगेत सरासरी अडीच दाणे धरा, साडेपंधरा क्विंटलच्या वर जातं. आता झाडं एक लाखच राहिली आणि शेंगा वीसच लागल्या तर? सहा क्विंटल. मावशींनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "म्हंजे निम्मं तर पेरायच्या दिवशीच जातंय." अगदी बरोबर. निम्मं पेरणीच्या दिवशी ठरतं.

म्हणून उगवण तपासायची. कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं सांगितलेली रीत कुणालाही घरी करता येते. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, ओल राखायची. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो. साठ आले तर पस्तीस. पन्नास आले तर बेचाळीस, आणि त्याखाली आले तर ते बी पेरूच नये. यात काही यंत्र लागत नाही. गोणपाट, पाणी, मोजणं. आणि घरात हे कोण करू शकतं? माठ भरणारी, धान्य पाखडणारी, दाणा हातात घेऊन किडका-फुटका ओळखणारी बाईच. खरं तर ती करतेच. फक्त तिनं सांगितलेला आकडा पेरणीच्या पाभरीपर्यंत पोचत नाही.

हे नुसतं बोलणं नाही. आमच्या गटात एक आक्का आहेत. नवरा २०१८ मध्ये गेला. कसा गेला ते सांगायची गरज नाही, आपल्या भागात सगळ्यांना कळतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, कारभार दिराकडे. अडीच एकर रान आक्का कसतात, तेही "कसू देतो" या उपकारावर. २०२० च्या खरिपात दिरानं दुकानातून पिशव्या आणल्या. आक्कांनी गोणपाटात शंभर दाणे मांडले, एक्कावन्न उगवले. त्यांनी दिराला सांगितलं, "भावजी, बी हलकंय. बदलून आणा, न्हाईतर जास्त टाका." दीर म्हणाला, "पिशवीवर छापलंय ते खोटं, आन् तुझं गोणपाट खरं व्हय?" पेरलं. रान विरळ उगवलं. त्या वर्षी महाराष्ट्रभर सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या होत्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आक्काही तक्रार द्यायला निघाल्या. तर पावती दिराच्या नावची, सातबारा सासऱ्यांचा. तक्रार कोण देणार? दिरानं दिली नाही, कारण खतं-औषधं त्याच दुकानातून उधारीवर येतात. दुकानदाराशी वाकडं कोण घेईल? एकरी चार क्विंटलही पडले नाहीत. आणि घरात ठपका कुणावर आला? "हिच्या हातालाच बरकत न्हाई."

बरकत! एक्कावन्न कोंब मोजणाऱ्या बाईच्या हाताला बरकत नाही.

वाणाचं थोडं बोलते. सोयाबीनच्या वाणांची नावं पोलिसांच्या बिल्ल्यासारखी आकड्यांची असतात, त्यामुळे ती बाहेरच्या माणसाला घाबरवतात. आमच्या बाया मात्र ती सुनांच्या नावासारखी घेतात. जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस ३३५ हे १९९४ साली अधिसूचित झालेलं वाण. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पसरलं ते मुख्यतः त्याच्या पाठीवर बसून. परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ७१, म्हणजे समृद्धी, तेच मावशींचं 'एकाहत्तर'. 'सातशेसव्वीस' म्हणजे राहुरीच्या विद्यापीठानं सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून दिलेलं फुले संगम. भारी जमीन आणि शेवटच्या टप्प्यात एखादं पाणी द्यायची सोय असेल तर त्याला तोड नाही, तांबेऱ्यालाही ते टिकतं. पण ते उंच वाढतं, पसरतं. दाट पेरलं तर नुसतं पाल्याला जातं, लोळतं. हलकी जमीन असेल, ऑगस्टमध्ये पावसाची ओढ बसली तर उशिरा येणारं वाण दाणा भरायच्या वेळीच सुकतं. तिथे जेएस ९३-०५ सारखं लवकर येणारं बरं, आणि मागून हरभराही वेळेवर पेरता येतो. मळणीयंत्राऐवजी हार्वेस्टर लावायचा असेल तर एमएयूएस १६२ सारखं, ज्याच्या शेंगा जमिनीपासून वर लागतात ते.

म्हणजे सगळ्यांत चांगलं वाण असं काही नसतं. कोणत्या पट्टीत पाणी साठतं, कोणत्या बांधाखाली मुरूम लागतो, मागच्या साली पिवळा मोझॅक कुठून सुरू झाला, यावर वाण ठरतं. आणि हे रोज वाकून खुरपणाऱ्या बाईला जितकं माहीत, तितकं मोटारसायकलवरून बांधापर्यंत येणाऱ्या मालकाला नसतं. मावशींचा प्रश्न आठवा. त्यांच्या तीन एकरांपैकी एक एकर नदीकडचा काळा, दोन एकर माळाचे. उत्तर त्यांच्याजवळच होतं: काळ्यात सातशेसव्वीस, माळाला एकाहत्तर किंवा त्याहून लवकरचं. त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. झालं काय? गावात संगमची हवा होती, मालकानं तिन्ही एकरांत संगमच टाकलं.

आणखी एक. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे. संकरित कापसासारखं दर साली नवीन बी विकत घ्यावं लागत नाही, चांगलं राखलेलं घरचं बी दोन-तीन हंगाम चालतं. मात्र त्याची साल फार नाजूक. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरला, पोतं वरून आपटलं, थप्पी उंच रचली, तापलेल्या काँक्रीटवर वाळवलं, प्लास्टिकच्या पोत्यात कोंडलं की आतला अंकुर मरतो आणि वरून दाणा पिवळाधमक दिसतो. भेसळीची झाडं फुलाच्या रंगावरून, लवेवरून ओळखून उपटावी लागतात. शेंगा वाळल्या की वेळेवर कापावं लागतं. काठीनं बडवायचं, सावलीत वाळवायचं, गोणीत भरायचं, थंड कोपऱ्यात ठेवायचं. बियाण्याचं हे सगळं काम पूर्वी ज्वारी-मुगाच्या बाबतीत बायाच करत. सोयाबीन आलं, पिशवी आली, आणि बी हे दुकानाचं झालं. दुकान पुरुषांचं. बाईच्या हातातली एक किल्ली अशी नकळत गेली. तिची कुणी नोंदही घेतली नाही, आपणही नाही.

सोयाबीन आलं तेव्हा आणखी बरंच गेलं. ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गाय गेली. सोयाबीन घरात खाता येत नाही. डबा भरत नाही, जनावरं गुळी तोंडाला लावतील तेवढीच. रोख पैसा येतो, पण तो बाजार समितीतून येतो, आणि बाजार समितीतून घरापर्यंतच्या वाटेवर काय काय लागतं ते मी सांगायला नको. म्हणून लातूर-धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायांना घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःकडे मागून घ्यायला आणि त्यात खाण्याची पिकं लावायला शिकवलं, त्याचं मला मोल वाटतं. आमच्या काही मैत्रिणींचं म्हणणं असं की तेच करावं, सोयाबीनच्या नादी लागूच नये. मला हे अर्धंच पटतं. एक एकर भाजी-डाळीचा हवाच. पण उरलेल्या तीन एकरांत सोयाबीनच राहणार आहे, कर्ज त्याच्यावर फिटणार आहे, त्यात घाम बाईचाच जाणार आहे. तिथला निर्णय पुरुषांना सोडून द्यायचा आणि आपण परसबागेत रमायचं, हे कसं चालेल? चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही परभणी विद्यापीठाचीच शिफारस आहे. आमच्या बाया ती उचलून धरतात, कारण तुरीची डाळ घरात येते. पुरुष मोडतात, कारण हार्वेस्टर फिरत नाही.

आता कष्टाचं. जास्त उत्पन्नाच्या प्रत्येक उपायात कुणाची तरी पाठ वाकते. गादीवाफ्यावर टोकण केली की बी निम्म्याहून कमी लागतं, झाडाला हवा-ऊन मिळतं, पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा होतो, कमी झाला तर ओल टिकते. सगळं खरं. पण टोकण म्हणजे एकेक दाणा वाकून मातीत घालणं. ते बायांचं काम. बीजप्रक्रिया करा म्हणतात. करायलाच हवी. आधी बुरशीनाशक, मग रायझोबियमचं आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणूखत, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. पण ते गुलाबी औषध दाण्याला हातानं कोण चोळतं? मी आठ गावं पाहिली, हातमोजे एका घरात पाहिले, आणि ते मुलाच्या मोटारसायकलचे होते. त्याच हातानं मग भाकरी थापायची.

तणाचंही तसंच. पहिल्या तीस-पस्तीस दिवसांत रान स्वच्छ नसेल तर शेंगा लागत नाहीत. पूर्वी दोन कोळपण्या आणि एक-दोन खुरपण्या व्हायच्या. आता वीस दिवसांच्या आत तणनाशकाचा एक फवारा. यावर आपल्या चळवळीत सरळ उत्तर नाही, आणि ते आहे असं दाखवू नये. खुरपणीनं कंबर मोडलेली बाई तणनाशकाला शिव्या देत नाही. पण भूमिहीन घरातल्या बाईची पावसाळ्यातली महिनाभराची मजुरी त्या फवाऱ्यानं गेली. आमच्या एका गावात मातंग वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "रानातलं गवत मेलं, आमची चूल बी मेली." त्याच गटात शेतमालकीण बाई बसली होती. दोघी खऱ्या बोलत होत्या. राहिली कापणी. ती गुत्त्यानं जाते, एकराला इतके रुपये, आणि गुत्तं जोडीला मिळतं. जोडी म्हणजे नवरा-बायको. एकट्या बाईला गुत्तं मिळत नाही, तिनं दुसरीच्या किंवा भावाच्या जोडीनं जायचं. रोजावर गेली तर पुरुषापेक्षा कितीतरी कमी. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला होता. सोयाबीनच्या वाळक्या शेंगांच्या टोकांनी हात रक्ताळतात, ते मात्र दोघांचेही सारखेच.

तर अठरा क्विंटलचं बक्षीस देताना या कष्टाचा हिशेब कुठे लिहितात? कृषी विभागाच्या पीक स्पर्धेत भाग घ्यायचा तर जमीन स्वतःच्या नावावर असावी लागते, सातबारा आणि आठ-अ जोडावा लागतो. म्हणजे अर्जातच बाई गळाली. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून स्त्रियांचं प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं ते प्रचंड अधिवेशन झालं, पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतकरी या शब्दात कसणारी बाई, मजूर, वाटेकरी सगळ्यांना घेतलं. डॉ. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्काचं विधेयक मांडलं, ते बारगळलं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ स्त्रियांशी बोलून पाहिलं, तर चाळीस टक्के जणींना नवरा कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. आक्का या सगळ्या कागदांच्या बाहेर उभ्या आहेत. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो सातबाऱ्याला जोडलेला. आक्कांनी मला विचारलं, "ताई, मी शेतकरी न्हाई व्हय?" मी वारसा कायदा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

आक्कांची पुढची गोष्ट सांगते. ती यशोगाथा नाही. २०२० च्या त्या विरळ रानातून त्यांनी बांधाकडची चांगली झाडं वेगळी काढली, बडवली, पंधरा किलो बी लपवून ठेवलं. हो, लपवून. २०२१ च्या जूनमध्ये गोणपाटात ब्याऐंशी उगवले. अर्ध्या एकरात त्यांनी ते टोकलं, उरलेल्यात दिराची पिशवी. अर्ध्या एकरात साडेचार क्विंटल पडलं, म्हणजे एकरी नऊ. दिराच्या पट्टीत एकरी सहाच्या आत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांपर्यंत गेला होता, माल बाजारात येईपर्यंत तो पार खाली आला. २०२२ मध्ये गोगलगायींनी कोवळी रोपं खाल्ली. लातूर, बीड, धाराशिवमध्ये बाया रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होत्या. २०२३ चा ऑगस्ट देशात शंभरावर वर्षांतला सर्वांत कोरडा गेला, फुलं गळाली. २०२४ मध्ये पीक बरं आलं तर भाव पडला. हमीभाव ४८९२, बाजारात त्याच्या पाच-सातशे खाली. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावर, शिवाय ओलावा बघतात. म्हणजे वाण आणि व्यवस्थापन यांनी सगळं होतं असं नाही. व्यासपीठावरून तसं सांगणारा माणूस एकतर फार भाग्यवान आहे किंवा काहीतरी विकतो आहे.

पण त्या चार-पाच वर्षांत आक्कांच्या बोलण्याला घरात वजन आलं. २०२४ च्या जूनमध्ये दिरानंच विचारलं, "वहिनी, तुझं गोणपाट काय म्हणतंय?" मला वाटतं, नऊ क्विंटलपेक्षा हे मोठं पीक. आमच्या सहकारी म्हणतील, दिराच्या मेहेरबानीत समाधान मानू नका, नाव सातबाऱ्यावर लागलं पाहिजे. बरोबर आहे, दावा दाखल केला आहे. पण दाव्याला वर्षं लागतात आणि पेरणी दर जूनला येते.

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी लगेच हातात घ्याव्यात असं माझं म्हणणं आहे. मे महिन्याची एक बैठक उगवणीची असावी. प्रत्येकीनं घरातलं शंभर दाणे बी आणावं, एकत्र गोणपाटं लावावीत, आकडे गटाच्या वहीत तारखेसह लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढे बियाण्याची तक्रार झाली तर ही वही कामाला येईल. बियाण्याची पावती बाईच्या नावानं मागावी. दुकानदाराला पैसे हवे असतात, नाव कुणाचंही चालतं, हे आम्ही करून पाहिलं आहे. कृषी सहायकाला गटाच्या बैठकीला बोलवावं आणि चहा त्यानं आणावा. प्रक्रियेसाठी हातमोजे गटाच्या बचतीतून घ्यावेत. गुत्तं बायांच्या जोडीला मिळावं यासाठी गावात एकदा सगळ्या मजूर बायांनी मिळून बोलावं. आणि कार्यकर्त्यांनी, म्हणजे आपण, मुळावरच्या गाठी फोडून बघायला शिकावं. आत गुलाबी दिसली तर जिवाणू काम करतायत, पांढरी-हिरवट दिसली तर नाहीत. मला एका सत्तर वर्षांच्या आजीनं शिकवलं. तिला रायझोबियम हा शब्द माहीत नव्हता. ती म्हणाली, "गाठीत रगत हाय तवर झाड भुकं ऱ्हात न्हाई, युरिया कशाला टाकतावं."

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. फलक लागतील, सत्कार होतील, नारळ आणि ब्लाऊजपीस वाटले जातील. त्या वेळी आयोजकांना एवढंच विचारू: ज्यांचा सत्कार करताय त्यांच्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस थांबेना. मांजरा, तेरणा, सिंदफणा काठांनी रानं खरवडून नेली. आक्कांच्या अडीच एकरात शेंगा भरलेल्या असताना गुडघाभर पाणी आठवडाभर उभं होतं, दाण्याला झाडावरच कोंब फुटले. पंचनामा झाला, सासऱ्यांच्या नावावर. मी भेटायला गेले तर आक्का ओट्यावर बसून होत्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनी आत बोट दाखवलं. माळ्यावर दोन गोण्या होत्या, २०२४ चं बी, बडवून काढलेलं, जमिनीपासून उंच ठेवलेलं. "हे वाचलं," त्या म्हणाल्या. "पर दीड वर्साचं व्हईल मे पत्तूर. उगवण बघावी लागंल."

पोटगीच्या त्या केसचा निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख मे महिन्यातच आहे. बैठक दुपारी दोनला ठेवली आहे. दोन्ही विषय घेऊ. गोणपाटं आक्का आणणार आहेत.